नॅनोसायन्समध्ये एम.एस्सी. करावं का? कोर्स केलेल्यांनी सांगा

दारव्हा_बीएस्सी

नमस्कार मंडळी,

मी दारव्हा तालुक्यातला. यंदा बी.एस्सी. झालं, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेऊन. एम.एस्सी.साठी दोन ठिकाणी नाव लागेल असं दिसतंय. एक यवतमाळला साधं फिजिक्स, घरून एसटीनं जाऊन-येऊन करता येईल. दुसरं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात, ‘नॅनोसायन्स अँड टेक्नॉलॉजी’. तिथं होस्टेल आलं, मेस आली, सगळाच खर्च आला. घरी साडेचार एकर कोरडवाहू आहे, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर.

मला ओढ नॅनोची आहे. तिसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी कार्बन नॅनोट्यूबवर एक तास घेतला होता, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. पण बाबा विचारतात, “ते युरियाच्या बाटलीवालं नॅनो हाय का? ते शिकून तू करशीन काय?” मला धड सांगता येत नाही. माहितीपत्रकात सगळं चांगलंच लिहिलेलं असतं. ज्यांनी हा कोर्स खरंच केला त्यांच्याकडून ऐकायचंय. रोज काय शिकवतात? मशीन मुलांच्या हातात देतात की काचेमागून दाखवतात? आणि पुढं पोटापाण्याचं काय?

वाशीम_केमिस्ट्री

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. माझं मत स्पष्ट आहे, साधं फिजिक्स घे.

सीएसआयआर-नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधन शिष्यवृत्तीसाठीच्या परीक्षेत, नॅनो नावाचा विषय नाही. फिजिकल सायन्सेस, केमिकल सायन्सेस, लाइफ, अर्थ आणि मॅथेमॅटिकल, एवढेच पेपर. गेट या प्रवेशपरीक्षेतही नॅनोचा वेगळा पेपर नाही. शिक्षक भरतीच्या जाहिरातीत पदव्युत्तर पदवीच्या विषयाचं नाव बघतात. तिथं फिजिक्स लिहिलेलं असलं आणि तुझ्या मार्कशीटवर दुसरंच नाव असलं, तर समकक्षतेचे कागद जमवत फिरावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं, हुशार पोरगी, सगळं येत होतं तिला. साडेचार एकर कोरडवाहूवर शिकणाऱ्या पोरानं आधी पाय टेकायला जागा बघावी. नॅनोतली पीएच.डी. फिजिक्समधून एम.एस्सी. करूनही करता येते.

पांढरकवडा_पाणी

मी हा कोर्स पूर्ण केला आहे. गाव केळापूर तालुक्यात, सध्या पीएच.डी. सुरू आहे. वरच्या सरांचं नेटबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर आहे, त्यावर नंतर येते. आधी कोर्समध्ये असतं काय ते सांगते, कारण मी जाताना मला ते सांगणारं कोणी नव्हतं.

पहिल्या सेमिस्टरला एकाच वर्गात फिजिक्सवाले, केमिस्ट्रीवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि थोडे बायोटेकवाले असे सगळे येतात. क्वांटम मेकॅनिक्सच्या तासाला बायोटेकवाल्यांचे चेहरे उतरतात, आणि प्रॅक्टिकलला पिपेट धरताना इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे. तुझ्याकडं फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही आहेत, त्यामुळे तुला हे सेमिस्टर सोपं जाईल. बी.एस्सी.ला आपण ‘पार्टिकल इन अ बॉक्स’ पाच मार्कांचं डेरिव्हेशन म्हणून पाठ करतो. इथं तेच समीकरण पुन्हा समोर येतं आणि अचानक कामाचं होतं. बॉक्सची लांबी अर्धी केली की आत अडकलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा चौपट होते, आणि नॅनोकण म्हणजे असाच एक छोटा बॉक्स. कॅडमियम सेलेनाइडचे कण दोन नॅनोमीटरच्या (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आसपास असले तर निळा प्रकाश देतात, सहाच्या आसपास गेले की लाल. पदार्थ तोच, फक्त कणाचा आकार बदलला. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना याच कणांसाठी, म्हणजे क्वांटम डॉट्ससाठी, मिळालं. ते जाहीर झालं तेव्हा आमच्या विभागात अख्खा दिवस दुसरं काही बोलणं नव्हतं.

तुझ्या बाबांना सांगायला एक हिशेब देते. मी माझ्या बाबांना हाच सांगितला होता. एक सेंटिमीटर बाजूचा घन घे. त्याचं सगळ्या बाजूंचं मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे झाले असं धर. सगळ्या तुकड्यांचं मिळून क्षेत्रफळ होतं ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दीड एकर. बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या मालात दीड एकर वावर. बाबांनी स्वतः कागदावर मांडून पाहिलं, आणि मग म्हणाले, “जाय मंग.”

युरियाच्या बाटलीचंही सांगते, कारण गावात गेलं की मलाही सगळे तेच विचारतात. इफ्कोनं २०२१ मध्ये नॅनो युरिया बाजारात आणला. ५०० मिलीची बाटली, पानांवर फवारायची. एक बाटली ४५ किलोच्या एका पोत्याचं काम करते असा दावा होता. आता हिशेब कर. सुरुवातीच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे ५०० मिलीमध्ये २० ग्रॅम. युरियाच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे साधारण २०.७ किलो. दोन्हींत हजारपटीचा फरक. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की जमिनीत टाकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र वाया जातं आणि पानावरचं थेट आत जातं. त्यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे, कारण वाया जाण्याचं प्रमाण कितीही धरलं तरी हजारपटीचा फरक त्यानं भरून निघत नाही. कास्तकाराच्या पोरानं हा कोर्स करावा असं मला मनापासून वाटतं ते यासाठी. बाटलीवर ‘नॅनो’ छापलं की भाव वाढतो, आणि आपल्या गावात त्यावर प्रश्न विचारणारं कोणी तरी पाहिजे.

आता प्रॅक्टिकल. सोन्याचे नॅनोकण आम्ही पहिल्याच वर्षी केले. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं, त्यात सोडियम सायट्रेट टाकायचं. पिवळा रंग जातो, मग काळपट-जांभळट छटा येते आणि शेवटी गर्द लाल. काचेची भांडी आधी अॅक्वा रेजियानं धुवायची, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, फ्यूम हूडमध्येच. भांडं नीट धुतलेलं नसलं तर कण एकमेकांना चिकटतात आणि लाल ऐवजी निळसर द्रावण हाती येतं. चांगल्या लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाकलं तरी तेच होतं. पुस्तकात ‘अॅग्रीगेशन’ हा एक शब्द असतो, इथं ते डोळ्यांसमोर घडतं.

मशीनबद्दल तू विचारलंस, आणि माझ्या मते सगळा निर्णय त्याच्यावरच घ्यावा. विद्यापीठाचं नाव, इमारत, माहितीपत्रकातले फोटो काही बघू नको. विभागात जाऊन ये, आणि सेकंड इयरच्या मुलांना विचार, एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिक तपासायचं मशीन) सॅम्पल तुम्ही स्वतः लावता का? आमच्याकडं आम्ही स्वतः लावत होतो. पावडर होल्डरमध्ये सपाट दाबायची, स्कॅन लावायचा, आलेल्या शिखरांची रुंदी मोजून शेररच्या सूत्रानं स्फटिकाचा आकार काढायचा. शिखर जितकं रुंद तितका स्फटिक लहान. पण त्या सूत्रातून येतो तो क्रिस्टलाइटचा, म्हणजे एका एकसंध स्फटिकाचा आकार, कणाचा नव्हे. एका कणात अनेक क्रिस्टलाइट असू शकतात. हा फरक न कळता कित्येक प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिले जातात, आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिलं तेच विचारतात.

आमचं एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) मात्र पहिलं वर्षभर बंदच होतं. दुरुस्तीचा माणूस आला, गेला, एक भाग मागवला, तो आलाच नाही. फी भरून शिकायला आलेल्या मुलांना हे फार लागतं. टीईएम, म्हणजे त्याहून बारीक दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, तर विभागात नव्हताच. तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर सॅम्पलचा थेंब वाळवायचा आणि बाहेर पाठवायचा. आयआयटी मुंबईच्या सैफ या मशीनच्या सामाईक केंद्रात विद्यापीठांच्या सॅम्पलसाठी सोय आहे, पण नंबर लागायला वेळ जातो. प्रोजेक्टच्या सेमिस्टरला सुरुवातीलाच सॅम्पल पाठव, शेवटच्या महिन्यात हाती काही येत नाही.

प्रोजेक्टबद्दल एक आग्रहाचं. कडुलिंबाच्या पानांचा अर्क घ्यायचा, सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकायचा, द्रावण तपकिरी झालं, यूव्ही-व्हिजिबल मशीनवर ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर आलं, जिवाणूंवर टाकून बघितलं, झाला प्रोजेक्ट. पळसाची फुलं, संत्र्याची साल, सीताफळाची पानं, सगळ्यांवर हे करून झालेलं आहे. हात बसायला चांगलं आहे, स्वस्तही आहे. पण दोन वर्षं घालवून तेवढंच करून परत येऊ नको.

मी पाण्यातल्या फ्लोराइडवर केलं. आमच्याकडच्या बोअरचं पाणी पिऊन माझ्या बरोबरीच्या किती तरी मुलामुलींचे दात पिवळे-तपकिरी झालेत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. हायड्रॉक्सिअॅपेटाइट म्हणजे आपल्या हाडा-दातांतलंच खनिज. कॅल्शियम नायट्रेट आणि डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट घेऊन, अमोनियानं पीएच दहाच्या वर ठेवून ते नॅनो आकारात बनवता येतं. त्यातल्या हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड जाऊन बसतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये फ्लोराइड मिसळून बघितलं तेव्हा आकडे सुंदर आले, लँगम्यूरचा आलेख (पावडरवर किती फ्लोराइड बसतं त्याचा) सरळ रेषेत. मग गावाकडचं खरं पाणी आणलं. त्यात बायकार्बोनेट आहे, इतर क्षार आहेत, तेही त्याच जागांसाठी भांडतात, आणि क्षमता बरीच खाली आली. शिवाय पावडर इतकी बारीक की गाळून वेगळी करणं कठीण. घरोघरी वापरायची तर तिच्या गोळ्या कराव्या लागतील किंवा कशावर तरी बसवावी लागेल, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा कमी. माझं आताचं काम याच अडचणीवर आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं फार आधी फ्लोराइड काढायची तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत दिली, ती नॅनो नाही पण तिचा अभ्यास केल्याशिवाय या विषयात पाऊल टाकू नये. गावातल्या बाईला रोज काय करणं जमेल याचा विचार तिच्यात आहे.

आणि नेट. सरांचा इशारा मनावर घे. नॅनोच्या मुलांना फिजिकल किंवा केमिकलचाच पेपर द्यावा लागतो, आणि कोर्समध्ये क्लासिकल मेकॅनिक्स किंवा इलेक्ट्रोडायनॅमिक्स पुरेसं होत नाही. ते पहिल्या दिवसापासून स्वतः करायचं. माझ्या वर्गातल्या ज्यांनी मूळ विषय धरून ठेवला त्यांना जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली. आता ती दरमहा ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. ज्यांनी मूळ विषय सोडला ते दोन वर्षांनी पुन्हा बी.एस्सी.ची पुस्तकं काढून बसले. गेट द्यायचं तर फिजिक्सचा पेपर आहे, किंवा एक्सई (इंजिनीअरिंग सायन्सेस), त्यात मटेरियल्स सायन्सचा भाग घेता येतो.

शिक्षकच व्हायचं पक्कं असेल तर सरांचं ऐक, फिजिक्स कर. संशोधन करायचं असेल, आणि त्या विभागातली मशीन खरंच चालू असतील, तर जा.

हिंगणघाट_जिनिंग

मी जिनिंग फॅक्टरीत आहे, नॅनो शिकलेलो नाही. पण एक गोष्ट सांगाविशी वाटली. मुंबईला माटुंग्यात कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे, सिरकॉट. त्यांनी कापसापासून नॅनोसेल्युलोज बनवायचा पायलट प्लांट उभा केला आहे. नागपूरला त्यांचं जिनिंग ट्रेनिंग सेंटर आहे, आम्ही तिथं ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा ही माहिती मिळाली. सरकीवर जे बारीक तंतू चिकटून राहतात, लिंटर, ते जवळपास शुद्ध सेल्युलोज. आपल्या भागात त्याला तोटा नाही. कागद, रंग, प्लास्टिक मजबूत करायला नॅनोसेल्युलोज वापरतात म्हणे.

भाऊ, तू पऱ्हाटीवाल्याचा पोरगा. या विषयात कोणी तरी इकडचं पाहिजे. आपण गाठी बांधून बाहेर पाठवतो, आणि पुढचं सगळं बाहेरच होते.

दारव्हा_बीएस्सी

ताई, सर, दादा, तिघांचेही आभार. दीड एकरचा हिशेब काल रात्री बाबांना सांगितला. त्यांनी लगेच विचारलं, “मंग त्या दीड एकरात पेरते काय?” आज पुन्हा समजावतो.

ताई, अजून काही विचारतो. माझं सगळं शिक्षण जिल्हा परिषद शाळेत आणि मराठीतून. बी.एस्सी. इंग्रजीतून झालं तरी बोलताना अडखळतो. तिथं निभेल का? होस्टेलचा खर्च कसा भागवलात? आणि माझ्या मामाचं गाव झरी जामणी तालुक्यात आहे, तिथंही लहान लेकरांचे दात तुम्ही लिहिलं तसेच आहेत. त्या पाण्याचं काही करता येईल का?

वाशीम_केमिस्ट्री

खर्चाचं मी सांगतो, दरवर्षी आमच्या मुलांचे फॉर्म भरून घेतो. महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भर. प्रवर्गानुसार शिष्यवृत्ती किंवा राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजना बघ. वसतिगृहात राहणाऱ्या अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातीत असशील तर स्वाधार योजना. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, त्या आधी वाच. उत्पन्नाचा दाखला आणि अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेव, अॅडमिशनच्या दिवसांत तिथं रांगा लागतात. पैसे उशिरा जमा होतात, म्हणून सुरुवातीच्या मेसचे पैसे हाताशी पाहिजेत.

नॅनोला जायचंच ठरवलंस तर फिजिक्सची नेटची तयारी सोडू नको, एवढं माझं ऐक.

पांढरकवडा_पाणी

इंग्रजीची भीती बाळगू नको. मी पण जिल्हा परिषद शाळेतलीच. पहिल्या सेमिनारला मी कागदावर लिहून नेलं आणि वाचून दाखवलं, कोणी काही म्हटलं नाही. या विषयात वाचायचं असतं ते शोधनिबंध, आणि त्यांची भाषा ठराविक असते. पहिल्यांदा फक्त आलेख आणि आकृत्यांखालच्या ओळी वाचायच्या, मग निष्कर्ष, मग बाकीचं. हळूहळू त्यातलीच वाक्यं तोंडात बसतात. मराठी बोलणारी मुलंही वर्गात भरपूर असतात. आपली वऱ्हाडी ऐकून सुरुवातीला हसतात, नंतर तेच ‘काय करून राहिला’ म्हणायला लागतात.

खर्चाला मला निर्वाह भत्त्याचा आधार झाला, आणि संध्याकाळी बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. प्रोजेक्टच्या सेमिस्टरला शिकवण्या बंद कराव्या लागतात, प्रयोग रात्रीपर्यंत चालतात, त्याची तजवीज आधी कर.

दादांनी सांगितलेल्या नॅनोसेल्युलोजचं खरंच मनावर घे. साधारण ६४ टक्के सल्फ्युरिक आम्लानं तंतूंमधला विस्कळीत भाग विरघळवला की सेल्युलोजचे नॅनोस्फटिक उरतात. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत होण्यासारखं आहे. आम्ल धुऊन काढायलाच जास्त वेळ जातो, आणि तापमानावर लक्ष ठेवलं नाही तर सगळं करपून काळं होतं. पण विषय आपल्याकडचा आहे, आणि कच्चा माल दादांच्या फॅक्टरीतून मिळेल. विभागात गेलास तर तिथल्या मॅडमना किंवा सरांना हे विचारून बघ, त्यांच्या उत्तरावरून विभाग कसा आहे तेही कळेल.

मामाच्या गावच्या पाण्याचं आधी मोजमाप कर, उपाय नंतर. नुसते दात बघून किती फ्लोराइड आहे ते कळत नाही, आणि एकाच गावातल्या दोन बोअरमध्ये खूप फरक असू शकतो. म्हणून प्रत्येक बोअरचा, हातपंपाचा आणि विहिरीचा नमुना वेगळा घ्यायचा. बऱ्याचदा उथळ विहिरीचं पाणी बरं निघतं, तसं असेल तर फिल्टरची गरजच नाही, पिण्यापुरतं तिथलं पाणी वापरलं की झालं. यवतमाळला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, ग्रामपंचायतीमार्फत नमुने दे म्हणजे त्याची नोंद राहते.

हातपंप आधी थोडा वेळ चालवून मग नमुना घे. बाटली प्लास्टिकची घे, काचेची नको, फ्लोराइड काचेला लागतं. त्याच पाण्यानं ती दोन-तीनदा विसळ, काठोकाठ भर, आणि बाटलीवर गाव, तारीख आणि कोणत्या पंपाचं पाणी ते लिही. अहवाल आला की इथं टाक, आकडे बघून पुढचं बोलू.